गोल्डवॉटर हरले, मग रेगन कसे जिंकले? अमेरिकेतल्या कॉन्झर्वेटिव्ह राजकारणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की तेच प्रश्न पुन्हा पुढे येतात. लिंकनचा पक्ष, म्हणजे रिपब्लिकन पक्ष, उजवा कधी झाला? दक्षिणेकडची राज्यं डेमोक्रॅटिक पक्षाकडून रिपब्लिकन पक्षाकडे कशी गेली? हे सगळं रेगन यांनी सुरू केलं की ट्रम्प यांनी? बरेच जण गोष्ट १९८० पासून सांगायला लागतात आणि तिथेच घोटाळा होतो. ही कॉन्झर्वेटिव्ह चळवळ समजून घ्यायची तर तिच्या दोन पराभवांपाशी थांबावं लागतं, १९६४ च्या आणि १९७६ च्या. म्हणून खाली सर्वात जास्त जागा त्या दोन वर्षांनाच दिली आहे.

कॉन्झर्वेटिव्हला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

ब्रिटनच्या कॉन्झर्वेटिव्ह पक्षाला आपली वर्तमानपत्रं पूर्वापार 'हुजूर पक्ष' म्हणत आली. अमेरिकेतल्या मंडळींना तो शब्द लागू पडत नाही. त्यांचा राग हुजुरांवरच होता: वॉशिंग्टनमधल्या सरकारवर, न्यूयॉर्कच्या बँकवाल्यांवर, मोठ्या विद्यापीठांवर. 'पुराणमतवादी' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सोवळंओवळं येतं, आणि या चळवळीचे पहिले मोठे नेते बॅरी गोल्डवॉटर हवाई दलाच्या राखीव तुकडीत मेजर जनरल होते, जेट विमानं उडवायचे.

'लिबरल'चीही तीच अडचण. उदारमतवादी म्हटलं की आपल्याला रानडे-गोखले आठवतात. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लिबरल म्हणजे सरकारने कामगारांसाठी, म्हाताऱ्यांसाठी, गरिबांसाठी अधिक काही करावं असं मानणारा. म्हणून इथे दोन्ही शब्द तसेच ठेवले आहेत.

१९५० च्या दशकात रिपब्लिकन पक्ष उजवा नव्हता का?

पक्षात उजवे होते, पण अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांच्या हाती लागत नव्हती. १९५२ मध्ये ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांना ती मिळेल असं त्यांना वाटत होतं. शिकागोच्या अधिवेशनात ती जनरल आयझेनहॉवर यांनी नेली. आयझेनहॉवर यांनी रूझवेल्टच्या काळातल्या योजना मोडल्या नाहीत. सोशल सिक्युरिटी, म्हणजे वृद्धांचं सरकारी निवृत्तिवेतन, रद्द करायला निघालेला पक्ष पुन्हा औषधालाही सापडणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी १९५४ मध्ये आपल्या भावाला लिहिलं होतं. त्यांच्या काळात सर्वात वरच्या टप्प्यावरचा आयकर ९१ टक्के होता. आजच्या रिपब्लिकन मतदाराला हे सांगितलं तर खरं वाटणार नाही.

मग चळवळ उभी केली कोणी?

आधी लिहिणाऱ्यांनी. नोव्हेंबर १९५५ मध्ये विल्यम बकली या तरुणाने 'नॅशनल रिव्ह्यू' साप्ताहिक काढलं, तेव्हा त्याला तिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्या काळी उजवीकडे तीन प्रकारची माणसं होती आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं. एकांना बाजारपेठ मोकळी हवी होती, दुसऱ्यांना धर्म आणि परंपरा राखायची होती, तिसऱ्यांचं सगळं लक्ष साम्यवादाविरुद्धच्या लढ्यावर होतं. बाजार मोकळा सोडला की परंपरा मोडतात, ही धास्ती त्यातल्या दुसऱ्यांना खरोखर होती. फ्रँक मेयर या संपादकाने या तिन्ही धाग्यांचा पीळ घालायचा प्रयत्न केला. तो पीळ बसला, कारण सोव्हिएत संघ तिघांचाही शत्रू होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचं काम पडणार आहे.

दुसरीकडे रॉबर्ट वेल्च यांनी १९५८ मध्ये जॉन बर्च सोसायटी स्थापन केली. आयझेनहॉवर स्वतःच साम्यवाद्यांचे हस्तक आहेत, इथवर वेल्च यांची मजल गेली. बकलींनी १९६२ मध्ये वेल्च यांना जाहीरपणे दूर लोटलं. या सोसायटीचे साधे सभासद मात्र प्रचाराला राबणारे होते, त्यामुळे त्यांना दुखवायला नेते बराच काळ बिचकले.

गोल्डवॉटर कोण होते आणि त्यांना उमेदवारी मिळाली कशी?

ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये त्यांच्या घराण्याचं मोठं दुकान होतं. १९५२ मध्ये ते सिनेटवर निवडून आले. १९६० मध्ये त्यांच्या नावावर एक छोटं पुस्तक निघालं. ते प्रत्यक्षात लिहिलं होतं बकलींचे मेहुणे ब्रेंट बोझेल यांनी. कॉलेजातली मुलं ते खिशात घेऊन हिंडू लागली. त्याच वर्षी शिकागोच्या अधिवेशनात पक्षाचे उमेदवार निक्सन यांनी न्यूयॉर्कचे मवाळ गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्याशी तडजोड केल्यामुळे उजवे चिडले होते. गोल्डवॉटर व्यासपीठावरून त्यांना म्हणाले की आता मोठे व्हा, पक्ष परत घ्यायचा असेल तर कामाला लागा.

काहींनी ते शब्दशः घेतलं. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोत वीस-बावीस जण जमले. क्लिफ्टन व्हाइट नावाचा संघटक त्यांचा म्होरक्या होता. तेव्हा प्राथमिक निवडणुका, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, मोजक्याच राज्यांत होत. बाकी ठिकाणी अधिवेशनाचे प्रतिनिधी वॉर्ड, तालुका, जिल्हा असे पायरीपायरीने ठरत, आणि खालच्या पायरीवरच्या बैठकांना कुणी फिरकत नसे. व्हाइट यांची माणसं तिथे वेळेवर जाऊन बसली आणि शेवटपर्यंत बसून राहिली. आपल्याकडे सहकारी बँकेच्या किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलेल्या कुणालाही यातलं बळ समजावून सांगावं लागणार नाही.

उमेदवारीच्या शर्यतीतले प्रतिस्पर्धी रॉकफेलर यांच्याकडे पैसा अमाप होता. पण १९६२ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला आणि पुढच्या वर्षी त्यांनी नुकत्याच घटस्फोट घेतलेल्या, चार मुलांच्या आईशी लग्न केलं. कॅलिफोर्नियातली निर्णायक प्राथमिक निवडणूक २ जून १९६४ ला होती. त्यांना मुलगा झाला ३० मे रोजी. विसरू पाहणाऱ्या मतदारांना सगळं पुन्हा आठवलं आणि गोल्डवॉटर थोडक्यात जिंकले.

त्यानंतर जुलैत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये अधिवेशन भरलं. जहाल संघटनांचा निषेध करा, असं सांगायला रॉकफेलर उभे राहिले तेव्हा सभागृहाने हुर्यो उडवून त्यांना बोलू दिलं नाही, आणि हे देशभर दूरचित्रवाणीवर दिसलं. दोन दिवसांनी गोल्डवॉटर यांनी उमेदवारी स्वीकारली. स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी जहालपणा हा दुर्गुण नाही आणि न्याय मिळवताना मवाळपणा हा सद्गुण नाही, हे त्यांचं वाक्य त्याच भाषणातलं. पक्षातल्या मवाळांना जोडून घेण्याची ती शेवटची संधी होती. त्यांनी ती मुद्दाम नाकारली.

इतका दारुण पराभव झाला, तर १९६४ ला महत्त्व का?

पराभव दारुणच होता. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष जॉन्सन यांना ६१ टक्के मतं आणि ४८६ इलेक्टोरल मतं (राज्यवार मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मतं), तर गोल्डवॉटर यांना ५२. फुलाच्या पाकळ्या मोजणारी चिमुरडी आणि मग अणुस्फोट, ही जॉन्सन यांची जाहिरात ७ सप्टेंबरला एकदाच दाखवली गेली, पण तिची भीती मनांत बसली. तरीही त्या पराभवातून तीन गोष्टी उरल्या.

पहिली, याद्या. पन्नास डॉलर किंवा अधिक देणगी देणाऱ्यांची नावं कायद्याने प्रतिनिधीगृहाच्या कार्यालयात पाहायला मिळत. रिचर्ड व्हिगरी नावाचा तरुण तिथे गेला आणि गोल्डवॉटर यांच्या बारा हजारांवर देणगीदारांची नावं-पत्ते हाताने उतरवून घेतले. टपालाने पत्रं पाठवून पैसे आणि स्वयंसेवक मिळवण्याचं जे तंत्र पुढे पंधरा वर्षं या चळवळीला पोसत राहिलं, त्याचं भांडवल म्हणजे ती हाताने लिहिलेली यादी. भाषणांपेक्षा ही यादी मला जास्त महत्त्वाची वाटते.

दुसरी, एक माणूस. २७ ऑक्टोबर १९६४ ला रोनाल्ड रेगन या नटाने गोल्डवॉटर यांच्यासाठी अर्ध्या तासाचं भाषण दूरचित्रवाणीवर केलं. विचार तेच होते, पण गोल्डवॉटर तेच सांगताना खडसावत आणि रेगन गप्पा मारल्यासारखे बोलत. दोन वर्षांत रेगन कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले, तेही जवळपास दहा लाख मतांच्या आघाडीने.

तिसरी, नकाशा. ॲरिझोना सोडलं तर गोल्डवॉटर यांनी पाचच राज्यं जिंकली: मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना. मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मतं पडली. हे का झालं, ते पुढच्या प्रश्नात पाहू.

जाता जाता एक धागा आपल्याकडे येणारा. त्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला प्रतिनिधीगृहात २९५ आणि सिनेटमध्ये ६८ जागा मिळाल्या. त्या बहुमताच्या बळावर जॉन्सन यांनी १९६५ मध्ये मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा, मतदान हक्क कायदा आणि नवा स्थलांतर कायदा आणला. देशवार कोटा मोडणाऱ्या त्या स्थलांतर कायद्यामुळे पुण्या-मुंबईचे डॉक्टर आणि इंजिनियर अमेरिकेत जाऊन स्थायिक होऊ शकले. न्यू जर्सी-शिकागोतल्या मराठी मंडळांतली कितीतरी घरं त्या निकालाच्या मागोमाग उभी राहिलेली आहेत.

लिंकनच्या पक्षाला दक्षिणेतल्या गोऱ्यांनी मतं का दिली?

हा प्रश्न बरेच जण टाळतात, आणि टाळला तर बाकीची गोष्ट कळत नाही.

यादवी युद्धानंतर जवळपास शंभर वर्षं दक्षिण ही डेमोक्रॅटिक पक्षाची जहागीर होती. पहिला तडा १९४८ मध्ये गेला. डेमोक्रॅटिक अध्यक्ष ट्रुमन कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची भाषा बोलू लागताच साउथ कॅरोलायनाचे स्ट्रॉम थर्मंड वेगळे उभे राहिले आणि चार राज्यं जिंकले. मग १९६४ चा नागरी हक्क कायदा आला. सिनेटमध्ये रिपब्लिकन सदस्यांपैकी २७ जणांनी बाजूने मत दिलं, विरोधात फक्त सहा. त्या सहांत गोल्डवॉटर होते.

त्यांनी १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना पाठिंबा दिला होता. या वेळचा आक्षेप खासगी हॉटेलं आणि नोकऱ्यांबद्दलच्या तरतुदींना आहे, केंद्राला तो अधिकार घटनेने दिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मनापासून असेलही. पण मिसिसिपीत ८७ टक्के मतं घटनेच्या बारकाव्यांमुळे पडली नाहीत. तिथे कृष्णवर्णीयांपैकी दहा टक्क्यांनाही तेव्हा मतदार यादीत शिरू दिलेलं नव्हतं. मत देणारे जवळपास सगळे गोरे होते आणि त्यांना कर्तव्य होतं ते गोल्डवॉटर यांनी त्या कायद्याविरुद्ध दिलेल्या मताशी. थर्मंड त्याच सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन झाले. उलट बाजूला, १९६० मध्ये निक्सन यांना कृष्णवर्णीयांची जवळपास एक तृतीयांश मतं होती, ती १९६४ मध्ये शेकडा सहाच्या आसपास आली आणि त्या जुन्या पातळीवर पुन्हा कधीच गेली नाहीत.

१९६८ मध्ये वंशभेदाचे समर्थक, अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी तिसऱ्या पक्षाकडून १३.५ टक्के मतं आणि दक्षिणेतली पाच राज्यं घेतली. निक्सन ४३.४ टक्क्यांवर जिंकले. दोन्ही आकडे मिळवले की ५७ च्या घरात जातात, आणि ही बेरीज निक्सन यांच्या सल्लागारांनी ताबडतोब केली. वंशद्वेषाची उघड भाषा टाळायची आणि कायदा-सुव्यवस्था, न्यायाधीशांच्या नेमणुका, गोरी-काळी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दूरच्या शाळेत पाठवण्याची सक्ती या विषयांवर बोलायचं, असा मार्ग त्यातून निघाला. रेगन यांनी ३ ऑगस्ट १९८० ला मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत 'राज्यांचे हक्क' या शब्दांत आपली भूमिका मांडली. १९६४ मध्ये तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचे खून झाले ते त्याच काउंटीत. समर्थक याला योगायोग म्हणतात. दक्षिणेत 'राज्यांचे हक्क' हे शब्द कशासाठी वापरले जात हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होतं, म्हणून मला तो योगायोग पटत नाही.

एवढं सांगून दुसरी बाजूही सांगायला हवी. दक्षिण एका रात्रीत फिरली नाही. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांनी व्हर्जिनिया वगळता जुन्या बंडखोर दक्षिणेतली सगळी राज्यं जिंकली. आणि चळवळीचं बळ एकट्या दक्षिणेतून आलेलं नाही. लोक उत्तर-पूर्वेकडून दक्षिण आणि पश्चिमेकडच्या उबदार राज्यांकडे सरकत होते. १९५२ मध्ये न्यूयॉर्कची इलेक्टोरल मतं ४५ आणि कॅलिफोर्नियाची ३२ होती. १९७२ मध्ये न्यूयॉर्क ४१ वर उतरलं आणि कॅलिफोर्निया ४५ वर गेलं. संरक्षण कारखान्यांभोवती वाढलेल्या ऑरेंज काउंटीसारख्या उपनगरांत गृहिणींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पत्रकं घडी केली, पाकिटांत भरली. त्यांचा राग कर, साम्यवाद आणि शाळेतल्या अभ्यासक्रमावर होता.

निक्सन कॉन्झर्वेटिव्ह होते का?

भाषणात होते, कारभारात फारसे नव्हते. पर्यावरण संरक्षण संस्था त्यांच्या काळातली, १९७० ची. १९७१ मध्ये त्यांनी वेतन आणि किमती गोठवल्या, १९७२ मध्ये चीनला गेले. चळवळीतले लोक इतके नाराज होते की ओहायोचे जॉन ॲशब्रुक त्यांच्याविरुद्ध प्राथमिक निवडणुकीला उभे राहिले. निक्सन तरीही ४९ राज्यं जिंकले आणि ऑगस्ट १९७४ मध्ये वॉटरगेटमुळे, म्हणजे विरोधकांच्या कार्यालयातली घुसखोरी दडपण्याच्या प्रकरणामुळे, पायउतार झाले.

चर्च यात कधी आलं? गर्भपाताच्या निकालानंतर लगेच?

समज तसाच आहे, पण क्रम वेगळा आहे. गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी १९७३ च्या 'रो' निकालाला सुरुवातीपासून विरोध केला तो मुख्यतः कॅथलिकांनी. सदर्न बॅप्टिस्ट या दक्षिणेतल्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या अधिवेशनाने तर १९७१ मध्ये काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा असावी असा ठराव केला होता. स्वतः रेगन यांनी गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती.

इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट, पाद्री राजकारणात उतरले ते दशकाच्या शेवटी, आणि त्याला निमित्तं बरीच होती. वंशभेद करणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करसवलत काढायची तयारी १९७८ मध्ये कर खात्याने केली तेव्हा पाद्र्यांमध्ये खळबळ उडाली. स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध इलिनॉयच्या फिलिस श्लाफ्ली यांनी १९७२ पासून गावोगावी बायकांची फळी उभी केली. ३८ राज्यांची मंजुरी हवी होती, ३५ वर गाडी अडली ती अडलीच. एका बाईने टपाल आणि फोनच्या जोरावर दोन्ही पक्षांना हवी असलेली दुरुस्ती रोखली, आणि तिच्या मताशी असहमत असूनही मला त्या कामाची दाद द्यावीशी वाटते. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' काढली. त्यानंतर गर्भपात हा या सगळ्यांना एकत्र बांधणारा विषय झाला.

१९८० मध्ये या इव्हँजेलिकल मंडळींनी रविवारच्या शाळेत बायबल शिकवणाऱ्या कार्टर यांना सोडून घटस्फोटित हॉलिवूड नटाला साथ दिली. उमेदवाराच्या खासगी आयुष्यापेक्षा तो न्यायाधीश कोण नेमणार याला त्यांनी वजन दिलं. २०१६ मध्ये याच मंडळींनी ट्रम्प यांना साथ दिल्याचा ज्यांना धक्का बसला त्यांनी १९८० आठवायला हवं होतं.

१९७६ मध्ये रेगन हरले होते ना?

हरले, आणि तेही आपल्याच पक्षाच्या विद्यमान अध्यक्षाकडून. जेराल्ड फोर्ड यांनी रॉकफेलर यांना उपाध्यक्ष केलं तेव्हाच उजव्यांच्या जखमेवर मीठ चोळलं गेलं होतं. रेगन पहिल्या प्राथमिक निवडणुका एकामागून एक हरत गेले. पैसे संपत आले, माघार घ्या म्हणणारे वाढले. २३ मार्चला नॉर्थ कॅरोलायनात सिनेटर जेसी हेल्म्स यांच्या यंत्रणेने त्यांना उचलून धरलं. रेगन यांनी पनामा कालव्याचा विषय लावून धरला: कालवा आम्ही बांधला, पैसे आम्ही मोजले, तो सोडायचा कशाला? ते जिंकले आणि लढत कॅन्सस सिटीच्या अधिवेशनापर्यंत गेली. फोर्ड ११८७, रेगन १०७०.

शेवटच्या रात्री फोर्ड यांनी रेगनना व्यासपीठावर बोलावलं आणि ते आयत्या वेळी बोलले. उमेदवारी फोर्डना मिळाली होती, पण प्रतिनिधींची मनं कुठे होती ते त्या रात्री उघड झालं. फोर्ड नोव्हेंबरमध्ये हरले आणि पुढच्या चार वर्षांत आलेल्या संकटांचं खापर कार्टर यांच्या माथी फुटलं. रेगन १९७६ मध्ये जिंकून अध्यक्ष झाले असते तर तेल, महागाई आणि इराण त्यांच्या वाट्याला आलं असतं.

१९८० चा विजय विचारांचा की महागाईचा?

महागाईने दार उघडलं. त्या वर्षी ती १३.५ टक्के होती. पगार वाढला की माणूस वरच्या कर-टप्प्यात जायचा आणि हातात आधीपेक्षा कमी उरायचं. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्येच 'प्रपोझिशन १३' मंजूर करून घरपट्टीला चाप लावला होता. तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ओलीस होते, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या. चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का, हा रेगन यांचा प्रश्न पुरेसा ठरला. ४४ राज्यं, ४८९ इलेक्टोरल मतं.

पण दार उघडल्यावर आत शिरायला माणसं तयार होती. उमेदवार, याद्या, चर्चं, १९७३ मध्ये स्थापन झालेली हेरिटेज फाउंडेशन ही धोरणं आखणारी संस्था आणि तिने लिहून ठेवलेला धोरणांचा जाडजूड आराखडा, हे सगळं हाताशी होतं.

रेगन यांनी सरकार खरंच लहान केलं का?

कर कमी केले: वरचा दर ७० टक्क्यांवरून ५० आणि १९८६ च्या कायद्याने २८. संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना ऑगस्ट १९८१ मध्ये घरी बसवलं. पण सोशल सिक्युरिटी मोडली नाही, १९८३ मध्ये तिची घडी बसवली. संरक्षण खर्च वाढला, राष्ट्रीय कर्ज जवळपास तिप्पट झालं. १९८६ मध्ये त्यांनी कागदपत्रं नसलेल्या सुमारे २७ लाख स्थलांतरितांना कायदेशीर होऊ देणाऱ्या कायद्यावर सही केली. भाषणं आणि कारभार यांतलं हे अंतर त्यांच्या आजच्या भक्तांना सांगितलेलं आवडत नाही.

ट्रम्प त्याच परंपरेतले की वेगळे?

दोन्ही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि मेयर यांनी घातलेला पीळ सैल झाला. लगेच १९९२ मध्ये पॅट ब्यूकॅनन थोरल्या बुश यांच्याविरुद्ध उभे राहिले, न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांनी ३७ टक्के मतं घेतली. मुक्त व्यापाराला विरोध, स्थलांतरितांना विरोध, परदेशातल्या युद्धांना विरोध: ट्रम्प यांचा २०१६ चा कार्यक्रम जवळपास सगळा त्यात आहे. 'अमेरिकेला पुन्हा महान करूया' ही घोषणा मात्र रेगन यांच्या १९८० च्या प्रचारातली.

आयात शुल्क हा रेगनवाद्यांना अधर्म वाटायचा, आता तो पक्षाचा कार्यक्रम आहे. उलट न्यायालयांबाबत ट्रम्प यांनी जुन्या चळवळीचं कर्ज फेडलं. फेडरलिस्ट सोसायटी ही कॉन्झर्वेटिव्ह वकिलांची संघटना १९८२ पासून ज्या न्यायाधीशांची पिढी घडवत होती त्यांतले तीन त्यांनी पहिल्याच कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयात बसवले, आणि २४ जून २०२२ ला 'रो' निकाल रद्द झाला.

गोल्डवॉटर यांचं पुढे काय झालं?

१९६९ मध्ये ते सिनेटवर परतले आणि १९८७ पर्यंत तिथे राहिले. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांना भेटून आता सिनेटमध्ये तुम्हाला वाचवण्याइतकी मतं नाहीत हे सांगणाऱ्या तिघांत ते होते. १९७६ मध्ये त्यांनी पाठिंबा दिला तो फोर्ड यांना, रेगनना दिला नाही. पाद्र्यांनी पक्ष ताब्यात घेतलेला त्यांना कधीच रुचला नाही आणि ते फॉलवेल यांच्याबद्दल छापायला संकोच वाटावा अशा शब्दांत बोलले. १९९२ मध्ये ॲरिझोनातल्या काँग्रेसच्या एका जागेसाठी त्यांनी चक्क डेमोक्रॅटिक उमेदवार बाईंना पाठिंबा जाहीर केला, आणि पुढच्याच वर्षी समलिंगी सैनिकांना लष्करात उघडपणे राहू द्यावं म्हणून लेख लिहिला. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.